विद्यापीठाचा पहिला पत्ता : नागपाडा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

विद्यापीठ आणि गल्लीतली स्वयंसेवी संस्था यांच्या भागीदारीवर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा प्रथम डोळ्यांपुढं उभं राहिलं ते राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर. सात दिवस एखाद्या खेड्यात मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री नकला आणि गाणी. श्रोत्यांपैकी पुष्कळांनी ते अनुभवलं असेल. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांनिशी ही योजना सुरू झाली. तिला नावं ठेवण्याचा माझा इरादा नाही. माझ्यासारख्या शहरातल्या कित्येक पोरांनी पहिलं खेडं त्या शिबिरातच नीट पाहिलं. पण शिबिर म्हणजे भागीदारी नव्हे. आठ दिवस राहून गेलेल्या पाहुण्याला आपण भागीदार म्हणत नाही. भागीदाराला दुकानाची उधारी माहीत असते.

मग भागीदारी कशाला म्हणायचं? व्याख्या करण्यापेक्षा मुंबईतलं एक उदाहरण सांगतो. माझं स्वतःचं शिक्षण बी. ए. पर्यंतचं, म्हणजे विद्यापीठाशी माझा संबंध तीन वर्षांचा आणि एका प्रमाणपत्राचा. पण संस्था कशा जन्मतात, कशा टिकतात, हे पाहण्याची मला आवड आहे. आणि या बाबतीत आपल्या मनात एक पक्का गैरसमज असतो. विद्यापीठ आधी, उंचावर. मग ते खाली उतरून मोहल्ल्यात येतं आणि लोकांचं भलं करतं. मुंबईत हे नेमकं उलट घडलं आहे.

नागपाडा म्हटलं की माझ्यासारख्या कविता करणाऱ्या माणसाला दोन नावं आठवतात. १९३६ साली मुंबईला आलेले आणि याच भागात राहिलेले सआदत हसन मंटो, आणि शेजारच्या कामाठीपुऱ्याला मराठी कवितेत आणणारे नामदेव ढसाळ. उर्दू आणि मराठी दोन्हींना या भागानं बरंच काही दिलं. पण याच नागपाड्यानं आणखी एक गोष्ट दिली, तिची आठवण फार कमी वेळा निघते.

१९२५ साली डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे एक अमेरिकन गृहस्थ मुंबईत आले. शिकागो विद्यापीठात धर्मशास्त्र शिकलेले, अमेरिकन मराठी मिशनचे. हे तेच मिशन, ज्याच्या ‘ज्ञानोदय’ची सुरुवात १८४२ साली अहमदनगरला झाली होती. मिशननं ठरवलं की मुंबईच्या गरीब वस्तीत एक केंद्र काढायचं. १९२६ साली ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ उभं राहिलं. मराठीत मी त्याला शेजारघर म्हणेन.

ही कल्पना त्यांच्या एकट्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती. १८८४ साली लंडनच्या पूर्व भागात ‘टॉयन्बी हॉल’ सुरू झाला होता. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे तरुण तिथं गरिबांच्या वस्तीत येऊन राहात. दिवसा मदत करून रात्री आपल्या बंगल्यावर परतायचं नाही, शेजारी म्हणून राहायचं, ही त्यातली मुख्य अट. १८८९ साली जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी शिकागोत ‘हल हाऊस’ काढलं तेही याच धर्तीवर. शिकागोहून आलेल्या माणसानं तो विचार सोबत आणला असला तर नवल नाही.

शेजारघराच्या आसपास गिरणीत आणि गोदीत राबणारी माणसं होती. मुसलमान होते, यहुदी होते, हिंदू होते, ख्रिस्ती होते. १९२९ आणि १९३२ साली मुंबईनं मोठे दंगे पाहिले, ते याच काळात. मॅनशार्ट यांनी पुढं हिंदू-मुस्लिम प्रश्नावर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं, ते १९३६ सालचं. दंग्यांच्या शहरात, अशा मिश्र वस्तीत दहा वर्षं काढलेल्या माणसाचं ते पुस्तक आहे.

तर दहा वर्षं शेजारघर चाललं, आणि चालवणाऱ्यांना एक गोष्ट कळून चुकली. दयाबुद्धी पुरत नाही. घरभाडं थकलेल्या कुटुंबाला काय सांगायचं, मार खाणाऱ्या पोराला कुठं न्यायचं, दारूत बुडालेल्या माणसाशी बोलायचं कसं, हे शिकावं लागतं. आणि वस्तीत काय चाललंय याचा सतत अभ्यास करावा लागतो. आपल्याकडं वकील, डॉक्टर, इंजिनिअर घडवण्याची सोय होती. समाजकार्य शिकवणारी पदव्युत्तर शाळा नव्हती. मॅनशार्ट यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टपुढं तशी योजना मांडली, आणि १९३६ साली ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झालं. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी. मॅनशार्ट पहिले संचालक. आणि शाळा भरली कुठं? नागपाड्याच्या त्या शेजारघरातच.

हीच शाळा १९४४ साली ‘टाटा समाजविज्ञान संस्था’ झाली, १९५४ साली देवनारच्या आवारात गेली आणि १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे आज ज्या विद्यापीठात देशभरातून मुलं शिकायला येतात, त्याचं माहेर मोहल्ल्यात आहे. आधी शेजारघर, मग विद्यापीठ. या क्रमाचा मी मुद्दाम आग्रह धरतो, कारण भागीदारीत कोणाचं कोणावर काय देणं आहे, ते यातून ठरतं.

नागपाडा सुटल्यावर हे नातं पातळ होण्याचा धोका होताच. तो बऱ्याच अंशी टळला तो दोन व्यवस्थांमुळं. पहिली साधी आहे. समाजकार्याच्या विद्यार्थ्यानं आठवड्यातले दोन दिवस वर्गाबाहेर, एखाद्या संस्थेत, दवाखान्यात, वस्तीत काम करायचं. त्याची लेखी नोंद ठेवायची. त्या नोंदीवर शिक्षकाशी बसून बोलायचं. देशातल्या बहुतेक समाजकार्य महाविद्यालयांत ही पद्धत आहे.

दुसरी व्यवस्था अधिक महत्त्वाची. तिला ‘फील्ड ॲक्शन प्रोजेक्ट’ म्हणतात. जिथं गरज दिसते पण सोय नाही, तिथं विद्यापीठ स्वतःची माणसं घालून छोटं काम सुरू करतं. स्थानिक संस्था, सरकारी खाती, ज्यांची ज्यांची गरज आहे त्यांना सोबत घेतं. काही वर्षं ते काम रोपवाटिकेतल्या रोपासारखं सांभाळतं. मूळ धरलं की दुसऱ्या कोणाच्या तरी जमिनीत लावतं. अशा कामांची सुरुवात १९३७ सालच्या बालमार्गदर्शन केंद्रापासून झाली, म्हणजे शाळा एक वर्षाची होती तेव्हापासून.

यातली दोन कामं जरा सविस्तर सांगतो.

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडलं आणि १९८० मध्ये स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. मुंबईत स्त्रियांच्या नव्या संघटना उभ्या राहिल्या. १९८३ साली तत्कालीन भारतीय दंडविधानात ‘४९८-अ’ हे कलम आलं, सासरच्या छळाविरुद्धचं. कायदा आला, पण पोलीस ठाण्याची पायरी तीच होती. मार खाल्लेल्या बाईला नेहमीच खटला हवा असतो असं नाही. तिला मार थांबायला हवा असतो, आपले दागिने हवे असतात, लेकरू ताब्यात हवं असतं, रात्रीपुरतं छप्पर हवं असतं. यातलं काहीच तक्रारीच्या नोंदवहीत बसत नाही.

१९८४ साली टाटा संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्याची रचना पाहा. समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती पोलिसांच्या आवारात बसते, पण ती पोलीस नाही. तिच्यामागं विद्यापीठ आहे, आणि हाताशी शहरातल्या स्त्री-संघटना, वसतिगृहं, वकील आहेत. बाईला पोलिसांचा धाक उपयोगी पडतो आणि पोलिसांचा त्रास होत नाही. खुर्ची कुठं ठेवायची, एवढ्या एका गोष्टीत किती शहाणपण असतं! २००० नंतर राज्याच्या महिला व बालविकास विभागानं हे काम आपलंसं केलं आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत गेलं. रोप दुसऱ्याच्या जमिनीत लावलं जाणं ते हे.

दुसरं काम मुलांचं. १९९०च्या दशकात जेरू बिलिमोरिया या टाटा संस्थेतल्या प्राध्यापिका मुंबईच्या रस्त्यांवर आणि रेल्वे स्थानकांवर राहणाऱ्या मुलांमध्ये वावरत होत्या. त्यांनी घरचा फोन नंबर मुलांना दिला होता. मुलं रात्री-अपरात्री फोन करत. शहरात मुलांसाठी झटणाऱ्या संस्था होत्या, निवारे होते. पण रात्री दोन वाजता कोणाच्या दारावर थाप मारायची हे फलाटावरच्या पोराला कोण सांगणार? यातून जून १९९६ मध्ये टाटा संस्थेचा प्रकल्प म्हणून ‘चाइल्डलाइन’ सुरू झाली. क्रमांक १०९८, फोन फुकट. मुलांनीच त्याचा उच्चार ठरवला : दस-नौ-आठ. उलटी गिनती. विद्यापीठाच्या एखाद्या प्रकल्पाचं इतकं चपखल नाव कोणा प्राध्यापकानं ठेवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पुढं ती शहरोशहरी पसरली तेव्हा कामाची वाटणी कशी झाली, ते समजून घेण्यासारखं आहे. स्थानिक संस्थांनी फोन घ्यायचे आणि पोराजवळ पोहोचायचं, शक्य तर तासाभरात. समाजकार्य महाविद्यालयासारख्या शिक्षणसंस्थेनं कार्यकर्त्यांना शिकवायचं, नोंदींचा अभ्यास करायचा, पोलीस, रुग्णालय, रेल्वे यांना एका टेबलाशी आणायचं. कोणी कोणाचं काम करायचं नाही. प्राध्यापक रात्री फलाटावर धावत गेले तर थकतील, आणि धावणाऱ्या कार्यकर्त्याला तक्ते भरायला बसवलं तर पोर हातचं जाईल. १९९९ मध्ये त्यासाठी देशपातळीवर स्वतंत्र प्रतिष्ठान निघालं, केंद्र सरकारनं पैसा दिला. २०२३ पासून मात्र ही सेवा ‘मिशन वात्सल्य’ योजनेखाली सरकारी यंत्रणेकडं गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. क्रमांक १०९८च राहिला. सरकारनं जबाबदारी घेतली याला मी वाईट म्हणणार नाही. मुलांचं रक्षण हे सरकारचंच काम. पण २५-२७ वर्षं रात्रपाळी केलेल्या छोट्या संस्थांच्या डोक्यात जो नकाशा होता, कोणत्या पुलाखाली कोण झोपतं, कोणता हमाल पोरांना सांभाळतो, कोणापासून त्यांना दूर ठेवायचं, तो कोणत्या फाइलीतून हस्तांतरित होतो?

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. स्वयंसेवी संस्था म्हणजे सगळे संत आणि विद्यापीठ म्हणजे सगळे साहेब, असं काही नाही. याच टाटा संस्थेचा ‘कोशिश’ नावाचा प्रकल्प २००६ पासून बेघर आणि भीक मागणाऱ्या लोकांमध्ये काम करतो. बिहार सरकारनं त्याच्याकडून राज्यातल्या शंभराहून अधिक निवारागृहांची तपासणी करून घेतली. २०१८ साली अहवाल गेला आणि मुजफ्फरपूरच्या मुलींच्या निवारागृहातला भयानक प्रकार जगापुढं आला. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं आरोपींना शिक्षा सुनावल्या. ते निवारागृह सरकारी पैशावर एक स्वयंसेवी संस्थाच चालवत होती. गावातल्या एखाद्या कार्यकर्त्यानं एकट्यानं हे सांगितलं असतं तर त्याला गप्प बसवणं सोपं होतं. विद्यापीठाचं नाव असलेला कागद तितक्या सहज फाडता येत नाही. विद्यापीठ काय देऊ शकतं, याचं हे उत्तर आहे.

आता मोठ्या संस्थांच्या गोष्टी सोडून आमच्याकडं येतो. मी सोलापूरचा. आमच्या मोहल्ल्यात विडी वळणाऱ्या बायकांच्या मुलींसाठी अभ्यासवर्ग चालवणारं एक छोटं मंडळ आहे. नोंदणी झालेली आहे, कपाट उसनं आहे. मी त्याचा पदाधिकारी नाही, त्यांना अर्ज आणि पत्रं लिहून देणारा आहे. कवीचा एवढाच उपयोग.

काही वर्षांपूर्वी सोलापूरबाहेरच्या एका विद्यापीठातले विद्यार्थी सर्वेक्षणाला आले. मंडळानं त्यांना घरोघरी नेलं, ओळख करून दिली, चहा पाजला. त्यांच्या छापील तक्त्यात एक प्रश्न होता : रोज किती तास काम करता? बायका एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. विडीला तास नसतात. सूप मांडीवर आलं की काम सुरू, भाकरीला उठलं की बंद, पुन्हा सुरू. विडीचं माप हजार हे आहे. आणि हजारालाही खोट आहे. कारखान्यात छाट निघते, म्हणजे बारीक-मोठ्या, सैल विड्या बाजूला काढतात. हजार भरायला हजारापेक्षा जास्त वळाव्या लागतात आणि पैसे हजाराचेच. हे काहीच त्या तक्त्यात मावत नव्हतं. मुलांनी ‘आठ तास’ लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. अहवालाची प्रत मागणारी दोन पत्रं मीच लिहिली होती. उत्तर आलं नाही. शेजारची एक म्हातारी खाला दखनीत म्हणाली, “पुछको गये, बताको नै गये.” विचारून गेले, सांगून नाही गेले. सर्वेक्षणाबद्दल याहून नेमकी टीका मी कोठे वाचलेली नाही.

नंतर दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या मुली आल्या तेव्हा मंडळाच्या चिटणीस बाईंनी दोन अटी घातल्या. त्या स्वतः विडी कामगाराची लेक. पहिली अट, प्रश्न तीन बायकांसोबत बसून तयार करायचे. दुसरी, निकाल कॉलेजात देण्याआधी इथं, या सतरंजीवर, मराठीत वाचून दाखवायचा. मुलींच्या मॅडम समंजस होत्या, कबूल झाल्या. तासांचा प्रश्न गेला. त्याऐवजी तीन प्रश्न आले : हजार भरायला किती वळाव्या लागतात, फर्म्यानं पान कोण कापतं, दोरा कोण बांधतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत एकच निघालं. शाळेतून आलेली मुलगी. दुसऱ्या दिवशीची पानं संध्याकाळी कापून ठेवावी लागतात, आणि आमचा अभ्यासवर्ग नेमका संध्याकाळी सहाला. मुली का गळतात याचं मंडळ दोन वर्षं डोकं खाजवत होतं. वर्ग सकाळी घेतला.

वाचन झालं त्या दिवशी बायकांनी एक चूकही काढली. मुलींनी नवऱ्यांच्या रकान्यात काही ठिकाणी ‘बेकार’ लिहिलं होतं. बायका म्हणाल्या, बेकार कसले, बदलीवर आहेत. मागावर नेहमीचा कामगार आला नाही तर याला बोलावणं येतं. नाही आलं तर घरी. रोज सकाळी जाऊन उभं राहावंच लागतं. बेकार आणि बदली या दोन शब्दांत किती अंतर आहे ते कागद लिहिणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि ते कळायचं तर ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना ते ऐकवलं पाहिजे. प्रश्न कोणाचा आणि उत्तर कोणाच्या हाती, या दोन गोष्टी मिटल्या की भागीदारीतलं निम्मं भांडण मिटतं.

हे परदेशात कोणी व्यवस्थित केलं आहे का, तर केलं आहे. नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकात विद्यापीठांनी ‘विज्ञान-दुकानं’ काढली. नाव दुकानाचं, पण विक्री नाही. मोहल्ला समिती, कामगार संघटना, रुग्णांचा गट, कोणीही आपला प्रश्न घेऊन यावं : आमच्या विहिरीच्या पाण्यात काय आहे, या कारखान्याच्या धुरानं काय होतं? विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली त्याचा अभ्यास करणार, त्याचे गुण त्यांना मिळणार, उत्तर विचारणाऱ्याला मिळणार. अटी तीन होत्या. विचारणाऱ्याकडं संशोधनासाठी पैसा नसावा, त्यातून धंदा करायचा नसावा, आणि उत्तर मिळालं तर ते वापरण्याची त्याच्यात ताकद असावी. तिसरी अट मला फार आवडते. उत्तर कपाटात ठेवणाऱ्यासाठी दुकान नाही.

आपल्याकडं कागदावर कमी नाही. १९७७ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं शिकवणं आणि संशोधन यांच्या जोडीला ‘विस्तार’ ही विद्यापीठांची तिसरी जबाबदारी मानली. हा विस्तार शब्द मला जरा खटकतो. दुकान मोठं झालं की शाखा काढतात, तसा. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘उन्नत भारत अभियान’ सुरू झालं. त्यात उच्च शिक्षण संस्थेनं आसपासची पाच गावं निवडून त्यांच्यासोबत काम करायचं असतं. बोलताना सगळे ‘पाच गावं दत्तक घेतली’ म्हणतात. अहो, दत्तक घ्यायला मूल लागतं. चारशे-पाचशे वर्षं जुन्या गावाला विशीतली पोरं दत्तक कशी घेतील? आणि आता नव्या शैक्षणिक धोरणाखाली पदवीच्या मुलांना समाजातल्या कामाचे श्रेयांक मिळू लागले आहेत.

चांगलंच आहे. पण त्याचा एक परिणाम छोट्या संस्थांना सोसावा लागतो. सत्र संपत आलं की मुलांच्या झुंडी येतात. तीस तासांचं प्रमाणपत्र द्या, शिक्का मारा. आमच्या मंडळात शिकवणाऱ्या बाई दोन. मुलींना शिकवायचं की आलेल्या विद्यार्थ्यांना काम शोधून द्यायचं? एका विद्यार्थ्याला नीट काम शिकवायला कार्यकर्त्याचा जो वेळ जातो त्याचा हिशेब विद्यापीठाच्या कोणत्याच तक्त्यात नसतो. प्राध्यापकाला मार्गदर्शनाचे तास मोजून मिळतात. कार्यकर्तीला आभाराचं पत्र मिळतं. माझं म्हणणं असं, की जिथं विद्यार्थी शिकतात ती शाळाच, आणि तिथं शिकवणाऱ्याला मानधन असावं. रक्कम लहान का असेना.

विद्यापीठाचं वर्ष आणि मोहल्ल्याचं वर्ष यांचाही मेळ नसतो. आम्हाला मदत हवी असते ती जूनमध्ये, शाळाप्रवेशाच्या धांदलीत. तेव्हा विद्यापीठाचे प्रवेशच चालू असतात. विद्यार्थी रुळायला तीन महिने लागतात आणि रुळला की परीक्षा येते. दरवर्षी नवा चेहरा, दरवर्षी तीच ओळख. त्यावर उपाय टाटा संस्थेच्या कामांत दिसतो. विद्यार्थी बदलत राहिले तरी प्रकल्पावरची कार्यकर्ती तीच राहते. बाईला तिच्याशीच बोलायचं असतं.

पण तिच्या नोकरीचा भरवसा काय? जून २०२४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या सुमारे शंभर कंत्राटी शिक्षक-कर्मचाऱ्यांना नोकरी संपल्याच्या नोटिसा गेल्या, कारण त्यांचे पगार ज्या अनुदानातून होत त्याला मुदतवाढ मिळाली नव्हती. ओरड झाली, निधीचं आश्वासन आलं, नोटिसा मागे घेतल्या गेल्या. इतक्या जुन्या संस्थेत ही स्थिती असेल तर इतर ठिकाणचं बोलायलाच नको. प्रकल्पाचा पैसा तीन वर्षांचा असतो. विश्वास बसायला तीन वर्षं लागतात. म्हणजे विश्वास बसतो त्या महिन्यात माणूस जातो.

म्हणून करार लेखी असावा, आणि मराठीत असावा. दोन पानं पुरतात. कोणता प्रश्न, तो कोणी काढला, माणसं कोणाची, किती दिवस. घेतलेल्या माहितीची एक प्रत संस्थेकडं राहणार की नाही. अहवालावर कार्यकर्त्यांची नावं येणार की फक्त ‘स्थानिक संस्थेच्या सहकार्यानं’ एवढंच. पैसा आला तर त्यातला वाटा कोणाला, आणि पैसा संपला तर काम कोण पुढं नेणार. हे आधी बोलायला संकोच वाटतो, कारण प्राध्यापक मोठे आणि आपण लहान. लग्नात देण्याघेण्याचं बोलायला लाजतात ना, तसं. मग नंतर जन्मभर कुरकूर.

ज्या छोट्या संस्था हे ऐकत असतील त्यांच्यासाठी एक माहिती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्यात विद्यापीठांसाठी आजीवन अध्ययन व विस्तार यांचं स्वतंत्र मंडळ सांगितलेलं आहे. आपल्या विद्यापीठात ते काम कोणत्या विभागाकडं आहे ते विचारा. ओळखीचा प्राध्यापक नसला तरी चालतं. आपला प्रश्न एका पानावर लिहा, आपलं काम, आपला पत्ता आणि उत्तर मिळाल्यावर तुम्ही काय करणार ते लिहा. पत्र टपालानं पाठवण्यापेक्षा स्वतः नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पत्र मराठीत चालतं.